लाभ, दोन, तीन

या फोरमवर मी तीन वर्षं नुसता वाचक आहे. खरं तर वाचक कमी आणि खुसपटं काढणारा जास्त. कुणाला घाटात पांढऱ्या साडीतली बाई दिसली की मी मनातल्या मनात विचारतो – गाडीचा स्पीड किती होता, काचेवर धुकं होतं का, आधी जेवण काय झालं होतं... माझा धंदाच तो. मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. जो बग पुन्हा करून दाखवता येत नाही, तो आमच्यात कुणी बग धरत नाही. 'कॅन नॉट रीप्रोड्यूस' असा शेरा मारायचा आणि फाइल बंद. भुताखेतांच्या गोष्टींवर माझा कधी विश्वास नव्हता, आणि आजही आहे असं म्हणायला जीभ रेटत नाही. पण एक फाइल तीन वर्षं झाली तरी बंद होत नाहीये, म्हणून लिहायला बसलोय. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

फेब्रुवारी २००५. मी तेव्हा साउथ कॅरोलायनात, कोलंबिया शहरात होतो. एका इन्शुरन्सवाल्या क्लायंटकडे. माझ्याबरोबर आलेले सगळे कुठे बेलव्ह्यूला, कुठे शुगर लँडला लागले. ते तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीचे आणि पॉटलक जेवणांचे फोटो मेलवर पाठवायचे. कोलंबियात मला तरी एकही मराठी माणूस भेटला नाही. शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसातून निघालो की सोमवारी सकाळपर्यंत माझ्या तोंडून शब्द निघायचा नाही. सोमवारी 'गुड मॉर्निंग' म्हणण्याआधी लिफ्टमध्ये खाकरून घसा साफ करावा लागायचा. हे मी गमतीनं सांगतोय, पण तेव्हा त्यात गंमत नव्हती.

त्यात चार महिन्यांपूर्वी अण्णा गेले होते. अण्णा म्हणजे माझे वडील.

त्यांच्याबद्दल सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. अण्णा बार्शीच्या मार्केट यार्डात मापाडी होते. शेतकऱ्याचा माल आला की तो मापून द्यायचा, हे त्यांचं काम. आधी पायलीनं मापायचे, मग काटा आला, पण मोजायची पद्धत जुनीच राहिली. ज्यांच्या घरी धान्य मापलं गेलंय त्यांना माहीत असेल – पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. लाभ, दोन, तीन, चार. आणि आकडा नुसता म्हणून सोडायचा नाही, माप रितं होईपर्यंत लांबवायचा. लाऽऽभ... दोऽऽन... म्हणजे मध्ये कुणी बोललं तरी गिनती चुकत नाही. अण्णा सगळंच तसं मोजायचे. जिन्याच्या पायऱ्या, ताटातल्या भाकरी, माझ्या दहावीच्या मार्कलिस्टवरचे विषय. शाळेत मी पहिल्यांदा आकडे म्हणायला उभा राहिलो आणि 'लाभ'पासून सुरुवात केली, तेव्हा आख्खा वर्ग हसला होता. मला वाटतं, माझ्या डोक्यात ती लाज तेव्हापासून बसली असावी.

२००२ मध्ये मी अमेरिकेला निघालो तेव्हा अण्णा आणि माझा थोरला भाऊ – दादा – मला सोडायला मुंबईला आले होते. दादा जीप लावायला गेला. एअरपोर्टच्या दारात अण्णांनी माझ्या बॅगांवर एकेक करून हात ठेवला आणि यार्डातल्या त्या खणखणीत आवाजात सुरू केलं, "लाऽऽभ... दोऽऽन..." मागे माझ्याच कंपनीतली चार पोरं-पोरी उभी होती. एकजण हसला. मी दातओठ खात म्हणालो, "अण्णा, एक म्हणा ना सरळ. लोक बघतायत."

 अण्णांनी पहिल्या बॅगवर पुन्हा हात ठेवला आणि हळू आवाजात म्हणाले, "एक. दोन. तीन." शाळेतल्या पोरासारखं. मग दादा आला, मी पाया पडलो, आत गेलो. समोरासमोर मी त्यांच्याशी शेवटचं बोललो ते एवढंच. नंतर फोन होते, पण फोनवर काय, 'जेवलास का' आणि 'तिकडं थंडी हाय का'.

ते गेले तेव्हा मी कंपनी बदलत होतो. व्हिसाचे कागद अर्धवट होते. वकीलबाई म्हणाली, आत्ता देश सोडलात तर परत यायचं कठीण. दादा फोनवर म्हणाला, "तू नको येऊ. मी बघतो हिकडचं." त्याच्या बोलण्यात राग नव्हता, तेच जास्त लागलं. दुसऱ्या दिवशी मी ऑफिसला गेलो आणि साडेनऊच्या मीटिंगला बसलो. मला त्याची लाज वाटते. तेव्हाही वाटत होती.

तर तो रविवार. कोलंबियापासून गाडीनं अर्ध्या तासावर एक छोटंसं नॅशनल पार्क आहे. वर्षभरापूर्वीच त्याला नॅशनल पार्कचा दर्जा मिळाला होता. इंटरनेटवर कुणीतरी त्याला 'वॉर्म टेंपरेट रेनफॉरेस्ट' म्हटलं होतं, म्हणून मी निघालो. सकाळी साडेदहाला पोचलो. पार्किंगमध्ये माझी धरून तीन गाड्या. आभाळ लख्ख निळं, हवेत नुसता गारवा. पार्कच्या ऑफिसच्या भिंतीवर डास किती आहेत ते दाखवणारा मीटर लावलाय, काटा 'युद्ध चालू' पर्यंत जातो. त्या दिवशी काटा तळाला होता. बाजूच्या फळ्यावर नदीची पातळी खडूनं लिहिलेली होती. मी वाचली. आकाश बघितलं. म्हटलं, ही सूचना होडीवाल्यांसाठी असणार.

ऑफिसच्या दाराशी एक वयस्कर कृष्णवर्णीय बाई खुर्चीत बसल्या होत्या, व्हॉलंटियरचा बिल्ला लावून. मिस लोरेटा. आधी शाळेची बस चालवायच्या, रिटायर झाल्यावर रविवारी इथं यायच्या. (त्यांचं बोलणं इंग्रजीत झालं, मी आपलं मराठीत लिहितोय.) मी विचारलं, "रेनफॉरेस्ट हेच ना?"

"पावसाचं नाही, बेबी," त्या म्हणाल्या. "हे पुराचं जंगल. पाऊस वर कुठंतरी पडतो, पाणी इथं येतं. लाकडी वाटेवरच राहा आज."

लाकडी वाट म्हणजे जमिनीपासून उचललेला फळ्यांचा पूल, जंगलातून दोन-अडीच मैल फिरतो. तो सुरू होतो तिथं पेटीत एक वही असते. नाव, किती जण, आत जायची वेळ, बाहेर यायची वेळ. मी नाव लिहिलं. 'किती जण'च्या खाली लिहिलं – 1.

लाकडी वाटेवर मी राहिलो नाही, हे तुम्ही ओळखलंच असेल. तासाभरानं एक पायवाट फुटली, झाडांवर ट्रेलच्या नंबराच्या छोट्या पाट्या होत्या, म्हटलं पाट्या बघत जाऊ, पाट्या बघत येऊ. ते जंगल खरोखर बघण्यासारखं आहे. सायप्रसची झाडं एवढी की चार माणसांच्या कवेत मावू नयेत, आणि त्यांच्या भोवती जमिनीतून वर आलेले लाकडाचे सुळके. त्यांना तिकडे 'गुडघे' म्हणतात. शेकडो गुडघे, कुणी मांडी घालून बसल्यासारखे. पाखरू नाही, वारा नाही. मला बरं वाटत होतं. कोलंबियातल्या अपार्टमेंटमधल्यासारखा हा एकटेपणा निदान माणसांच्या मध्ये नव्हता.

मग एक भलंमोठं झाड वाटेवर आडवं पडलेलं लागलं. मी वळसा घालून पलीकडे गेलो आणि पुढची पाटी काही सापडेना. मागं फिरलो तर ते आडवं झाडही सापडेना. आडवी झाडं पाच-सहा होती, माझं कुठलं ते कळत नव्हतं. मी पंधरा मिनिटं शांत डोक्यानं शोधलं. पुढची पंधरा मिनिटं तितक्या शांत डोक्यानं नाही.

तेवढ्यात दिसलं की खालची वाळलेली पानं हलतायत. वारा नव्हता. पानं तरंगत होती. चहासारखं तांबूस पाणी ओहोळांमधून वर येत होतं, अजिबात आवाज न करता. माझ्या बुटांच्या खुणांमध्ये आधी पाणी भरलं, मग खुणाच गेल्या. अर्ध्या तासात पाणी घोट्यापर्यंत आलं, मग नडगीच्या वर. बर्फासारखं गार. मोबाइलला रेंज नव्हती. मी ओरडलो, 'हेल्प' म्हणालो, घसा बसेपर्यंत ओरडलो. 

तिथं उभं राहून मी हिशेब केला की मला शोधायला कोण येईल. घरी कुणी वाट बघणारं नव्हतं. दादाचा फोन पंधरा दिवसांनी येणार. ऑफिसात सोमवारी साडेनऊला खुर्ची रिकामी दिसली असती, पण 'ट्रॅफिकमध्ये असेल' म्हणून त्यांनी दहा वाजेपर्यंत तरी वाट बघितली असती. पार्किंगमधली गाडी संध्याकाळी कुणाच्या लक्षात आली तर आली. मला भीती बुडण्याची कमी वाटली. आपण नाहीसे झालो तर ते कळायलाच वेळ लागेल, याची जास्त वाटली. मी रडलो. लिहायला संकोच वाटतो, पण रडलो.

आणि मग ऐकू आलं.

"एऽऽक..."

मला आधी वाटलं घुबड. तिथं दिवसाही घुबडं बोलतात. पण मागोमाग आलं, "दोऽऽन... तीऽऽन... चाऽऽर..." माणसाचा आवाज, म्हातारा, सावकाश. बारा-तेरापर्यंत गेला, थांबला, आणि पुन्हा पहिल्यापासून. "एऽऽक..."

मी "कोण आहे?" म्हणून ओरडलो. मराठीतच ओरडलो, हे नंतर लक्षात आलं. मोजणी चालूच. मी आवाजाच्या रोखानं चालायला गेलो तर तो रोखच धरता येईना. डावीकडे वळलो की डावीकडून यायचा, उजवीकडे वळलो की उजवीकडून. पाणी गुडघ्याला लागलं होतं. पायाखाली ते लाकडाचे सुळके, दोनदा पडलो.

आकडा लांबवायची ती पद्धत मी ओळखली होती. पहिल्या दोन आकड्यांतच ओळखली होती. पण मन मानत नव्हतं, त्याला एक कारणही होतं. अण्णा मोजताना कधी 'एक' म्हणायचेच नाहीत. उभ्या जन्मात मी एकदाच ऐकलं होतं.

तिसऱ्या का चौथ्या खेपेला मला ते सहन होईना. त्या खणखणीत आवाजात तो 'एक' कसातरीच लागत होता, ओशाळवाणा. मी एका सायप्रसला धरून उभा राहिलो आणि जेवढा जीव होता तेवढा लावून ओरडलो, "अण्णा, लाभ म्हणा."

मोजणी मध्येच तुटली. 

मग माझ्या उजव्या हाताला, अगदी जवळून, एकाच बाजूनं आलं – "लाऽऽभ..."

मी जिकडे इतका वेळ रेटत होतो, त्याच्या बरोब्बर उलट दिशा होती ती. मी वळलो. "दोऽऽन..." जरा पुढून. "तीऽऽन..." अजून पुढून. एकेका आकड्याला माझी चार-पाच पावलं पडत होती. मी थांबलो की तो आकडा लांबायचा, चाललो की पुढचा यायचा. दिसलं कुणीही नाही. पाण्यावर दुसऱ्या कुणाच्या पावलांची हालचालही नव्हती, मी मुद्दाम बघत होतो. पाणी मांडीपर्यंत आलं तेव्हा बत्तीस-तेहतीस झाले होते. अठ्ठावन्नला माझा हात लाकडी कठड्यावर आपटला.

मी फळ्यांवर चढून पालथा पडलो. एकोणसाठ काही आलं नाही.

पाचेक मिनिटांत फळ्या वाजल्या. मिस लोरेटा धापा टाकत येत होत्या. एका हातात फर्स्ट एडची पेटी, काखेत दोन ब्लँकेटं. एक त्यांनी माझ्याभोवती गुंडाळलं. दुसरं हातात धरून त्या माझ्या मागे, झाडांमध्ये बघत राहिल्या.

"तुझ्याबरोबरचा कुठंय?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "मी एकटाच होतो."

"नाही हं, हनी. मी वाट बंद करायला साखळी लावत होते, तेव्हा दोघांना ऐकलंय मी. एक तू, आणि एक म्हातारा माणूस. त्याला कुठंतरी लागलंय. सारखा तेच सांगत होता बिचारा."

"काय सांगत होता?"

"एक," त्या म्हणाल्या. "एक, एक. मग काहीतरी परकं बोलायचा, आणि परत एक. म्हणून तर मी पेटी घेऊन आले."

मला समजायला क्षण लागला. इंग्रजीत 'एक' म्हणजे दुखणं. हेडएक, स्टमकएकमधला एक. त्या बाईंना वाटलं होतं, जंगलात कुणीतरी म्हातारा 'दुखतंय, दुखतंय' म्हणून हाका मारतोय.

"मग तू काहीतरी ओरडलास," त्या म्हणाल्या. "त्यानंतर त्याचं दुखायचं थांबलं. मग तो 'लाब' का काहीतरी म्हणायला लागला. लाब म्हणजे काय?"

मी म्हटलं, "मोजण्याचा शब्द आहे."

त्यांचा विश्वास बसला नाही. त्या कठड्याशी उभ्या राहून पाण्याकडे "सर? सर?" अशा हाका मारत राहिल्या. वाटेच्या सुरुवातीला परत आल्यावर त्यांनी तिथल्या पेटीतली वही उघडून माझ्या नावापुढचा 1 बघितला, माझ्याकडे बघितलं आणि वही मिटली. दुसरं ब्लँकेट मात्र त्यांनी परत आणलं नव्हतं. ते घडी घालून तिथंच कठड्यावर ठेवलं होतं. "लागलं तर असावं," म्हणाल्या.

दुपारचे साडेतीन वाजले होते.

आता टेस्टर म्हणून बोलतो. थंडी, घाबरलेलं डोकं, त्यात वडील गेलेले – असल्या अवस्थेत माणसाला काहीही ऐकू येतं, मान्य. मिस लोरेटांनी माझाच आवाज ऐकला असेल, तेही मान्य. 'लाभ' तर मी स्वतः ओरडलो होतो, तो पुरावा बाद. पण 'एक' मी त्या दिवशी एकदाही म्हणालो नव्हतो. 'एक' बाईंनी कुठून ऐकलं?

त्या संध्याकाळी मी दादाला फोन केला. बार्शीत सोमवारची सकाळ होती, तो चहा पीत होता. पार्कचं काही सांगितलं नाही. नुसतं विचारलं, "दादा, अण्णा शेवटी शेवटी काही मोजायचे का रे?"

"मोजायचे की. गोळ्या मोजायचे. रोज सकाळी डबी हातरुणावर उलटी करायची अन् मोजत बसायचं."

"कसं मोजायचे?"

"कसं म्हंजे? एक, दोन, तीन."

"लाभ नाही म्हणायचे?"

"ते कवाच सोडलं त्यांनी," दादा म्हणाला. "तुला सोडून मुंबईस्नं आलो न्हवं का, तवापास्नं. यार्डात बी एकच म्हणायचे. हमाल लई चेष्टा करायचे, अण्णा इंग्लिश झाले म्हणून. मी एकदा इचारलं, का हो अण्णा? तर म्हणले, बरं दिसत न्हाई."

दादा तेव्हा जीप लावायला गेला होता. मी एअरपोर्टवर काय बोललो ते त्याला माहीत नाही. आजही नाही. आणि अण्णांनी त्या दिवसानंतर खरंच 'लाभ' सोडला होता, हे मला त्या फोनपर्यंत माहीत नव्हतं. अडीच वर्षं त्या माणसानं माझं एक वाक्य पाळलं, ज्या यार्डात माझ्या कंपनीतलं कुणी फिरकणारही नव्हतं, तिथं.

मी त्या पार्कात त्यानंतर चारदा गेलो. तोच महिना, तीच वेळ, एकदा तर पूर असताना मिस लोरेटांना शेजारी बसवून, हातात टेपरेकॉर्डर धरून. घुबडं मिळाली, एकदा रानडुकरं मिळाली. कठड्यावरचं ब्लँकेट पुढच्या खेपेला नव्हतं. मिस लोरेटा म्हणाल्या, मी नेलं नाही. रेंजरनं नेलं असेल किंवा पुरात गेलं असेल, मी त्यातून काही अर्थ काढत नाही. कॅन नॉट रीप्रोड्यूस. तरी फाइलवर तो शेरा मारायला हात होत नाही. ज्या कुणाकडे स्पष्टीकरण असेल त्यांनी खाली जरूर लिहावं. मी खुसपटं काढणार नाही.

मी अजून कोलंबियातच आहे, अजून एकटाच. संध्याकाळी घरी आलो की कुकर लावतो. तांदळाच्या डब्यात वाटी घालतो आणि मोठ्यानं, लांबवून म्हणतो, "लाऽऽभ." एका वाटीत माझं दोन्ही वेळचं भागतं. दोन म्हणायची वेळ येत नाही.